घट्टा दुखत नाही, म्हणूनच आधी तो पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६२, मधुमेहाला १४ वर्षं झाली. रात्री तळव्यांची आग होते, दिवसा बोटं बधिर वाटतात. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, चवड्यावर घट्टा आला आहे, पण दुखत नाही. रोज रात्री गरम पाण्यात पाय बुडवून तो घासून काढला तर चालेल का? आणि एकूण पायांची काळजी कशी घ्यायची?

गरम पाण्यात पाय बुडवणं आजपासून बंद करा. घट्टा घरी घासू नका, ब्लेडने कापू नका आणि कुरूप काढायची औषधी पट्टीही लावू नका. त्या पट्टीतलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड घट्टा आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, आणि पट्टी काढली की खाली जखम निघते. येत्या आठवड्यात मधुमेहींचे पाय तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. घट्ट्याच्या आत काळपट किंवा जांभळट डाग दिसत असेल, भोवती ओलसर वाटत असेल, तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा.

एवढी घाई का, हे सांगतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या तीन प्रकारच्या नसा बिघडतात. जाणिवेच्या नसा गेल्या की टोचलेलं, भाजलेलं, चावलेलं कळत नाही. पावलातल्या बारीक स्नायूंच्या नसा गेल्या की बोटं पंजासारखी वाकतात, चवड्याखालची हाडांची टोकं खाली उतरतात आणि त्यांच्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, तडकते. आता उतरलेल्या हाडाच्या टोकावर दिवसभरात हजारो पावलांचा दाब पडतो. दुखलं असतं तर माणूस लंगडला असता, पाय वेगळा टाकला असता, चप्पल बदलली असती. दुखत नाही म्हणून त्याच जागेवर पुन्हा पुन्हा वजन येतं आणि कातडी जाड होत जाते.

इथवर ते कातडीने केलेलं संरक्षण वाटतं. पण घट्टा कडक झाला की तोच बुटात अडकलेल्या खड्यासारखा वागतो. प्रत्येक पावलाला तो आतल्या मऊ मांसावर दाबला जातो, खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साचतं. तो काळपट डाग म्हणजे हेच साचलेलं रक्त. पुढे तिथे पोकळी तयार होते, वरचा घट्टा मात्र शाबूत दिसतो. एक दिवस तो फुटतो आणि घरचे म्हणतात, ‘काल तर काहीच नव्हतं’. होतं, झाकणाखाली होतं.

जाणकार माणूस हा घट्टा कोरडाच, धारदार पात्याने, पापुद्र्यामागून पापुद्रा असा खरवडतो. नीट झालं तर रक्त येत नाही. एवढ्यानेच त्या जागेवरचा दाब साधारण पाव भागाने उतरतो. मात्र चप्पल तीच राहिली तर काही आठवड्यांत घट्टा परत येतो. म्हणून घट्टा काढणं आणि त्या जागेवरचा दाब हटवणारं पादत्राण, ही दोन कामं जोडीनेच करायची असतात. पहिलं करून दुसरं सोडणं ही नेहमीची चूक.

पाण्याबद्दल अजून थोडं. गरम किती हे पायाला कळत नाही, आणि पुष्कळदा हाताच्या बोटांनाही नीट कळत नाही. त्यामुळे आंघोळीचं पाणी कोपराने किंवा थर्मामीटरने बघा, ३७ अंश सेल्सिअसच्या वर नको. पाय धुवायचे तेही पटकन धुऊन टिपून घ्यायचे. पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवल्याने कातडी आधी फुगते, मग आणखी कोरडी पडते, आणि बोटांच्या बेचक्या ओल्या राहून तिथे चिखल्या होतात. गरम पाण्याची पिशवी, शेकण्याचं यंत्र, हीटरसमोर पाय धरून बसणं, हे सगळं याच कारणाने नको. पाय गार पडत असतील तर रात्री सैल मोजे घाला.

‘आग होते म्हणजे जाणीव आहे ना?’ असं बरेच जण विचारतात. आग आणि बधिरपणा एकाच पायात सुखाने नांदतात. बिघडलेली नस स्वतःहून खोटे संदेश पाठवते, त्याची आग होते. आणि खरा स्पर्श ती वर पोहोचवत नाही, तो बधिरपणा. आगीसाठी ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर वय, मूत्रपिंड आणि हृदय बघून देतात. त्यांनी आग कमी होते, गेलेली जाणीव परत येत नाही. गोळीने बरं वाटतंय म्हणून पाय बघणं सोडलं, असं होऊ देऊ नका.

जाणीव किती उरली आहे हे घरी दोन मिनिटांत बघता येतं. आईला पाय लांब करून आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तिच्या उजव्या पायाला हात लावून ‘हा उजवा’, डाव्याला लावून ‘हा डावा’ असं एकदा सांगा. मग तुमच्या तर्जनीचं टोक तिच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा, एक ते दोन सेकंद. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. कळलं की तिने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. एखाद्या बोटाला उत्तर आलं नाही तर तिथे पुन्हा लावून बघायचं नाही. न कळणं हेच उत्तर आहे, ते लिहून ठेवा. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाचं रक्षण करणारी जाणीव गेली आहे असं धरून चाला. दवाखान्यात हेच १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याने, पक्कं करतात.

दुसरी तपासणी रक्तपुरवठ्याची, आणि ती घरी होत नाही. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे अशा दोन ठिकाणी नाडी बघतात. ‘पाय गरम आहे, शिरा फुगलेल्या दिसतात, म्हणजे रक्त चांगलं पोहोचतंय’ या समजुतीवर विसंबू नका. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा बिघडल्या तरी पाय कोमट आणि शिरा टपोऱ्या दिसतात. चालताना पोटरी भरून येणं ही रक्त कमी पडल्याची नेहमीची खूण, पण बधिर पायात तीही दडून राहते. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली असेल तर पायाचं रक्त कमी आहे. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या टणक होतात, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने नीट दबत नाहीत आणि आकडा फसवा, वरचा येतो. १.३ च्या वर आकडा आला म्हणून ‘उत्तम’ म्हणून घरी पाठवलं जाण्याचे प्रकार होतात. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. तो ३० मि.मी.च्या खाली असेल तर झालेली जखम भरायची शक्यता फार कमी होते, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जावं लागतं.

या दोन तपासण्यांवरून पुढे किती वेळा दाखवायचं ते ठरतं. जाणीव आणि रक्तपुरवठा दोन्ही शाबूत असतील तर वर्षातून एकदा पुरे. दोन्हींपैकी एक बिघडलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही बिघडले असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बदलला असेल, तर ३ ते ६ महिन्यांनी. जाणीव किंवा रक्तपुरवठा बिघडलेला असून पूर्वी कधी जखम झाली असेल, बोट काढावं लागलं असेल किंवा मूत्रपिंड निकामी झालं असेल, तर १ ते ३ महिन्यांनी. तुमच्या वर्णनावरून आई पहिल्या गटात नाही.

आता रोजचं काम. पाय बघायची वेळ संध्याकाळची ठेवा, चपला-बूट काढल्याबरोबर, कारण दिवसभराच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. उजेड चांगला हवा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघावा असं सांगतात, आणि ते ठीक आहे. पण १४ वर्षांच्या मधुमेहात नजरही पूर्वीची राहिलेली नसते. आरशात अंधूक दिसणाऱ्या तळव्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या कोणाचे डोळे बरे. तेव्हा हे काम आईवर टाकू नका, तुम्ही करा.

टाचेपासून सुरुवात करा, चवड्यापर्यंत या, मग प्रत्येक बोट हाताने अलग करून बेचकी बघा, शेवटी नखं आणि पावलाची वरची बाजू. शोधायचं काय: फोड, लाल चट्टा, भेग, नवा घट्टा, घट्ट्याचा बदललेला रंग, मोज्यावर पुसटसा डाग, वेगळा वास. मोजे पांढरे किंवा फिके घ्या, म्हणजे पाणी-रक्त लगेच दिसतं. हाताची उलटी बाजू दोन्ही तळव्यांवर एकाच जागी आळीपाळीने टेकवा. एक जागा जास्त गरम लागली तर तिथे आत काहीतरी सुरू झालं आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी बरं. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सलग दोन दिवस आला, तर चालणं कमी करा आणि दाखवा. कातडी फाटण्याआधी मिळणारी ही सूचना डोळ्यांना दिसत नाही.

बेचकीतली कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सोलपटलेली दिसली तर त्या चिखल्या, म्हणजे बुरशी. दिसायला किरकोळ, पण पायात जंतू शिरायला हीच वाट पुरते. बेचक्या धुतल्यावर टॉवेलचं टोक घालून टिपा आणि बुरशीचं मलम डॉक्टरांना विचारून सांगितले तितके दिवस पूर्ण लावा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. टाचांच्या भेगांना युरिया असलेलं क्रीम चांगलं, १० ते २५ टक्क्यांचं, पाय टिपल्यावर कातडी किंचित ओलसर असताना. तळव्याला, टाचेला, पावलावर लावा, बेचक्यांत मात्र अजिबात नको.

नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल शिरू नका, कडा कानशीने गुळगुळीत करा. जाड झालेलं, पिवळं, आत वळलेलं नख घरी कापायच्या भानगडीत पडू नका. नखुरडं झालं, बाजूने लाल झालं, तर तेही दाखवण्याच्या यादीत.

पादत्राणाशी जरा जास्त वेळ थांबतो, कारण बधिर पायाच्या जखमांत चुकीचा बूट हे कारण वारंवार निघतं. जाणीव कमी झालेल्या माणसाला नीट मापाचा बूट सैल वाटतो. घट्ट असला की ‘पायात आहे’ असं कळतं, म्हणून तो स्वतः एक माप लहान निवडतो. त्यामुळे ‘बरोबर बसतोय’ या आईच्या शब्दावर बूट घेऊ नका. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, माप तेव्हाच घ्या, उभं करून, दोन्ही पायांचं. सर्वांत लांब बोटाच्या पुढे बुटात आतून १ ते २ सेंटिमीटर जागा हवी. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाइतकी, आणि वाकलेल्या बोटांवर घासणार नाही इतकी आतली उंची. सोपी युक्ती: कागदावर पाय ठेवून उभं राहायला सांगा, पेन्सिल उभी धरून रेघ मारा, तो आकार कापून बुटात सरकवा. कडा मुडपल्या तर बूट नको.

बोटात अंगठा किंवा पट्टी अडकवायच्या चपला नकोत. त्या पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात आणि पट्टी बेचकीत घासते. मागे टाचेला पट्टा, वर सोडता-आवळता येणारं बंद, आतून शिवण नाही, खाली न पिळवटणारा जाडसर सोल आणि आत मऊ इनसोल, असं हवं. अनवाणी चालणं घरातही बंद. फक्त मोजे घालून चालणं हेही अनवाणीच. घालण्याआधी प्रत्येक वेळी बुटात हात घालून चाचपा: खडा, वर आलेला खिळा, दुमडलेलं अस्तर. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच, काढल्यावर पाय बघायचा, लाल खूण राहिली नाही तर दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. घट्टा, वाकडी बोटं किंवा पूर्वीची जखम असेल तर तयार बुटावर भागत नाही, मापाने बनवलेलं इनसोल किंवा बूट लागतो.

कातडी फाटलीच तर घरी काय करायचं? वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवा, कोरडं स्वच्छ ड्रेसिंग ठेवा, त्या पायावर वजन देणं थांबवा आणि २४ तासांत दाखवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, घरगुती लेप, पावडर काही नको. ताप नाही म्हणून थांबू नका. मधुमेहात पायात बराच पू असतानाही पुष्कळदा ताप येत नाही, कधी साखर अचानक चढते एवढीच खूण असते. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे गेली, वास आला, बोट काळं-निळं पडलं, थंडी वाजली, तर त्याच दिवशी रुग्णालय.

तळव्याच्या जखमेत लोक मलमावर आणि अँटिबायोटिकवर भर देतात. जंतुसंसर्ग नसेल तर अँटिबायोटिकने जखम भरत नाही. ती भरते दाब काढल्याने. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंतचं, स्वतःला काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट चढवतात. काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात, आणि घरातली पावलंही मोजली जातात. मात्र रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा संसर्ग जोरात असेल तर आधी त्यांचं बघावं लागतं. नीट उपचार सुरू असतील तर ४ आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्यावर यायला हवं. आलं नाही तर त्याच ड्रेसिंगवर आणखी महिना काढू नका: दाब खरंच निघालाय का, रक्त पोहोचतंय का, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, हे पुन्हा तपासायला सांगा. जखमेत सळई घालून हाड लागतं का हे बघणं ही जुनी, साधी आणि कामाची तपासणी आहे.

एक फसवं दुखणं वेगळं सांगायला हवं. बधिर पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागतो, पण फारसा दुखत नाही आणि जखमही नाही. याला मुरगळणं, संधिवात, कातडीचा संसर्ग अशी नावं दिली जातात. सुरुवातीचा एक्स-रे पुष्कळदा साफ येतो. हा शार्कोचा पाय असू शकतो. त्यात हाडं आतून ठिसूळ होऊन मोडतात आणि चालत राहिलं तर पावलाची कमान कोसळते. तो नाही असं ठरेपर्यंत त्या पायावर वजन द्यायचं नाही.

साखरेचं थोडक्यात, कारण ते तुम्ही ऐकलेलंच असेल. बहुतेकांसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ७ टक्क्यांच्या आसपास, वय आणि इतर आजार बघून थोडं सैल. मात्र खूप वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आणली, म्हणजे एचबीए१सी ३ महिन्यांत २ अंकांहून जास्त उतरलं, तर काहींची आग उलट भडकते. ती ओसरते, पण महिने लागतात, म्हणून साखर टप्प्याटप्प्याने उतरवलेली बरी. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सांभाळणं पायाच्या रक्तवाहिन्यांसाठीच आहे, आणि तंबाखू कुठल्याही रूपात चालू असेल तर बाकीच्या मेहनतीवर पाणी पडतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असेल तर बधिरपणात त्याचाही वाटा असतो, आणि तेवढा भाग भरून काढता येतो. पायाला जखम किंवा काळं पडलेलं बोट असताना एसजीएलटी२ गटातली (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) नवी गोळी सुरू होणार असेल, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पायाचं आधी सांगा.

एकदा भरलेली जखमही पाय सोडत नाही. जखम भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा होते, कारण दाब, बधिरपणा आणि चालण्याची पद्धत तीच राहिलेली असते. आईला अजून जखम झालेली नसेल तर हातात वेळ आहे, आणि घट्ट्याची घाई त्यासाठीच.

डॉक्टरांकडे जाताना ती रोज घालते त्या चपला सोबत न्या, नव्या ठेवणीतल्या नकोत. आतल्या तळावर अंगठ्याच्या बुडाखाली खड्डा पडलेला असेल. घट्टा जिथे आहे, बरोबर तिथेच. नवं इनसोल बनवणाऱ्याला तो खड्डा दाखवा.